घरच्या घरी सणांची आरास: दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधून

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एकीकडे कारखाने आणि गोदामे, दुसरीकडे आमच्यासारख्या नोकरदारांच्या इमारती. पायी जाता येईल असे सिनेगॉग जवळ नाही, त्यामुळे मुलांना सण कळायचा तो घरातच. २०२२ पासून इथे शनिवार-रविवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून शब्बाथची सोय झाली. पण बाकीचे सण बहुधा शाळा-कचेरीच्या दिवशीच येतात. म्हणून आम्ही आरास दोन आठवडे आधी काढतो आणि ती मुलांच्याच हातून करवून घेतो. बाजारच्या झगमगीपेक्षा मुलांना आपल्या हातचे जास्त दिवस लक्षात राहते.

सणांचे चक्र: जाड पुठ्ठ्यावर ३० सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे. त्याचे बारा सारखे भाग करून तिश्रीपासून एलूलपर्यंत महिने लिहावेत. मधोमध बटण आणि दोऱ्याने काटा बसवावा. प्रत्येक सणाचे हिब्रू नाव लिहावे आणि त्याखाली कोकणात आपल्या वाडवडिलांनी सांभाळलेले नाव: रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण. ही नावे आता आजी-आजोबांच्या तोंडीच उरली आहेत. भिंतीवर लागली तर नातवंडेही उच्चारतील. दुसऱ्या अदारसाठी एक सुटी पट्टी ठेवावी. ५७८४ हे अधिक महिन्याचे वर्ष होते, पुढचे ५७८७.

सुक्का: आमच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याची बाल्कनी येते, त्यामुळे तिथे सुक्का होत नाही, छपरावर मोकळे आकाश हवे. गच्ची किंवा आवार वापरायचे तर इमारतीच्या व्यवस्थापकाची परवानगी आधीच घ्यावी. कोकणात नारळाच्या झावळ्या, इथे खजुराच्या. आत टांगायला २० × ३ सेंटीमीटर कागदी पट्ट्यांची साखळी करावी, पण कड्या खळीने न जोडता स्टेपलरने जोडाव्यात. दुबईत त्या दिवसांत रात्री हवा दमट असते आणि खळ सुटते. चित्रे मेणाच्या खडूने रंगवावीत, म्हणजे ओघळत नाहीत. टांगलेली फळे सण संपेपर्यंत खायची नाहीत, हे मुलांना आधीच सांगावे!

हनुक्काचा दिवा: आपल्याकडे भिंतीवर टांगायचा लाकडी दिवा असे, पितळी कड्यांत काचेचे पेले बसवलेला. तोच घाट सोपा करून घेता येतो. फरशीच्या लांब तुकड्यावर आठ छोटे काचेचे पेले एका ओळीत ठेवावेत आणि नववा, शामाशचा, उलट्या वाटीवर उंच. पेल्यात अर्धे पाणी, वर बोटभर खोबरेल, त्यावर तरंगती वात. तेल संपले की वात पाण्यात बुडून आपोआप विझते. दिवा निदान अर्धा तास जळेल एवढे तेल घालावे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते, म्हणून वातानुकूलित खोलीत बाटली आधी गरम पाण्यात ठेवावी. दिवे पडद्यापासून दूर असावेत आणि मोठे माणूस जवळ बसावे.

भोवरा: पाच सेंटीमीटरच्या चौकोनी पुठ्ठ्यातून पेन्सिलीचा तुकडा आरपार घालावा. चार बाजूंना नून, गीमेल, हे, शीन. इस्राएलमधल्या घरी शीनऐवजी पे येतो, कारण चमत्कार 'तिथे' नव्हे, 'इथे' झाला. दिमोना-अश्दोदच्या भावंडांशी फोनवर बोलताना आमच्या मुलांना हा फरक दाखवायला फार आवडते.

मलिद्याची पत्रे: तूबिश्वातला अलिबागजवळच्या खंडाळ्यास जाता आले नाही तरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा घरी होतो. ताटात पोहे, खोबरे, गूळ आणि फळे मांडली की प्रत्येकासमोर पोस्टकार्डाएवढे पत्र दुमडून उभे करावे. त्यावर फळाचे चित्र आणि कोणती बेराखा म्हणायची ते लिहावे. खजुराला 'हाएत्स', पण केळ्याला 'हाअदामा'. मोठेही इथे अडखळतात.

पुरीमची खुळखुळी: लबनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन पूर्ण वाळवाव्यात, त्यात मूठभर चवळी घालून झाकण चिकटपट्टीने पक्के करावे. हामानचे नाव आले की वाजवावे. मेगिला ऐकताना एकही शब्द बुडू नये म्हणून नाव संपताच हात वर करून थांबायची खूण ठरवावी. मिश्लोआख मानोतसाठी कागदी डबी करावी. तिच्यात खाण्याचे निदान दोन पदार्थ हवेत, त्यांतला एक आमच्याकडे पुरणपोळी.

चक्राचा काटा फिरत फिरत आवमध्ये येतो तेव्हा भिंतीवर काही लावायचे नाही. बिरड्याच्या सणाला आरास नसते. आदल्या दिवशी मुलांना भिजवलेले वाल सोलायला बसवावे आणि बेथ हमिकदाशची हकिकत सांगावी. त्या घरात एवढे शांत का, हे त्यांनी स्वतःहून विचारले, तर वर्षभराच्या कागद-कात्रीचे सार्थक झाले असे आम्ही समजतो.