विंडोज 10 बंद पडलेलं नाही. कॉम्प्युटर भंगारात घालू नका

‘दहा बंद झालं. हा डबा आता काढा, नवा घ्या.’ ढोकी गावात झेरॉक्सच्या दुकानात जा, ट्यूशनवाल्या सरांकडे जा, नाहीतर कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच. सांगणारा एक तर विकणारा असतो, नाहीतर विकणाऱ्याचं ऐकून आलेला भाचा. सोयाबीनचे पैसे जेमतेम हातात आलेल्या माणसाला चाळीस हजारांच्या खर्चात घालायचं, आणि तेही अर्धवट ऐकीव माहितीवर, म्हटल्यावर डोकं फिरतं.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 बंद केलं नाही. त्याला फुकट दुरुस्त्या पुरवणं थांबवलं. कॉम्प्युटर कालच्यासारखाच सुरू होतो, एक्सेल उघडतं, प्रिंट निघते. थांबली ती दर महिन्याला येणारी सुरक्षेची डागडुजी.

ती थांबली म्हणून काही बिघडत नाही, असंही समजू नका. मार्च 2017 मध्ये विंडोजमधल्या एका भगदाडावर मायक्रोसॉफ्टने पॅच दिला होता. ज्यांनी तो घेतला नाही, अशा जगभरातल्या मशिनी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केल्या. जूनच्या शेवटी तेच भगदाड वापरणारं नॉटपेट्या आलं, तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाकडचं टर्मिनल ठप्प झालं. पॅच येऊन तीन महिने झाले होते, तरीही. तेव्हा अपडेट न मिळणारं मशीन नेटला जोडायचं आणि त्यावरूनच बँकेचे व्यवहार करायचे, यातली जोखीम महिन्यागणिक वाढत जाणार, हे खरंच आहे.

पण गंमत अशी, की आज घाबरलेल्यांपैकी कित्येकांच्या मशिनीवर पाचशे रुपयांत टाकून दिलेलं ‘लाइफटाइम’ विंडोज आहे, आणि ‘नेट लई खातंय’ म्हणून त्याचं अपडेट टाकणाऱ्यानेच बंद करून ठेवलंय. त्यांच्यासाठी 14 ऑक्टोबर कधीच येऊन गेला. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

आता दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वर्षभराची वाढीव सुरक्षा-अपडेट ठेवली आहेत, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. अट अशी की विंडोज 10 ची 22एच2 ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवायला तयार असाल तर फुकट, नसाल तर एकदाच तीस डॉलर किंवा तेवढे रुपये. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. एवढ्यानं निदान एक हंगाम तरी निवांत विचार करता येतो.

मग पुढचा प्रश्न, मशीन विंडोज 11 घेईल का. त्यासाठी अंदाज नको, आकडा बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव असतं, समजा ‘इंटेल कोअर आय 5-6500’. हायफननंतरचा आकडा 6 ने सुरू झाला म्हणजे सहावी पिढी. विंडोज 11 ला काही अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय. खरी मेख या टीपीएममध्ये आहे. तपासणीत ‘टीपीएम नाही’ असं आलं की दुकानदार लगेच मान हलवतो. वास्तविक आठव्या-नवव्या पिढीच्या बहुतेक मशिनींत ती सोय प्रोसेसरसोबतच येते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलवर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये शिरायचं, तो पर्याय चालू करायचा, सेव्ह करून बाहेर यायचं. दहा मिनिटांचं काम. त्याच्यापायी आख्खं मशीन बदलायला सांगणाऱ्याला एक तर हे माहीत नाही, नाहीतर चांगलं माहीत आहे.

आणि सहाव्या पिढीवर ‘जुगाड करून अकरा टाकून देतो’ म्हणणारेही भेटतात. टाकता येतं. पण अशा मशिनीला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी बदल केला तेच कारण उधारीवर.

याच्या उलट दुसरा पंथ आहे, सगळ्या दुखण्यावर लिनक्सची मात्रा देणाऱ्यांचा. त्यांचं निम्मं बरोबर आहे. लिनक्स मिंटसारखी प्रणाली फुकट मिळते, 4 जीबी रॅमवर बरी चालते, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी वापरून बघता येते. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवरच शिकताहेत. पण जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट हे लोक अर्धीच सांगतात. तिथल्या पालिकेने 2003 मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, हजारो कॉम्प्युटर बदलले, आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे फिरायचा ठराव केला.

माझं म्हणणं एवढंच, की निर्णय कॉम्प्युटरच्या आत बघून होत नाही. त्याला मागून काय काय जोडलंय ते बघून होतो. सेवा केंद्र चालवणाऱ्या दादांचं उदाहरण घ्या. आधारची पडताळणी करायला बोटांचे ठसे घेणारं यंत्र लागतं, आणि ते चालायला ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा प्रोग्राम. तो यंत्र बनवणारी कंपनीच देते आणि बहुतेक कंपन्या तो विंडोज व अँड्रॉइडसाठी देतात. यांनी हौसेनं लिनक्स टाकलं तर दुसऱ्या दिवशी केवायसीच्या रांगेतली माणसं अंगठा पुढे करून उभी राहतील आणि यंत्राचा लाल दिवासुद्धा लागणार नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याचं तेच, कारण टॅली विंडोजसाठीच बनतं. लग्नपत्रिका कोरलड्रॉत करणाऱ्यानंही या वाटेला जाऊ नये. झेरॉक्सवाल्यांकडचा कॅननचा एलबीपी 2900 हा प्रिंटर तर खास जपून. त्याचा लिनक्सवरचा ड्रायव्हर जुनाट आहे आणि बसवताना घाम काढतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र लावताच ओळखले जातात.

याउलट घरी पोराच्या अभ्यासाला, सातबारा उतरवायला, यूट्यूबला आणि चार पत्रं टाइप करायला ठेवलेलं मशीन असेल, तर त्याला विंडोजचीच गरज आहे असं काही नाही. ही कामं ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच.

‘लिनक्सवर मराठी चालत नाही’ हा या प्रकरणातला सर्वात चिवट गैरसमज, आणि तो बहुधा डीटीपीवाल्यांकडून पसरतो. त्यांच्या जुन्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत असतात. ते फॉन्ट युनिकोडचे नाहीत; अक्षर दिसतं मराठी, आत साठवलेलं असतं भलतंच. अशी फाइल लिनक्सवर उघडली की किडामुंगी दिसते. अहो, तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसतं! दोष फाइलचा, शिव्या लिनक्सला. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे तोच आहे. शिफ्ट धरून चौकोनी कंसाची डावी कळ, मग ए, के, आर, की उमटलं ‘ढोकी’. विंडोजवरही याच चार अक्षरकळा, लिनक्सवरही याच. प्रणाली बदलायच्या आधी जुन्या फाइली तेवढ्या युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर वीस वर्षांच्या पत्रिका आणि ठराव वाचता येणार नाहीत.

बाकीचे किरकोळ.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही.’ कमी लागतो. पण बँकेचा ओटीपी तुम्हीच फोनवर सांगितलात तर कोणतीही प्रणाली वाचवत नाही.

‘काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप कराव्या लागतात.’ रोजच्या वापरात नाही. तसा तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन आतून लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. त्यात कधी काळा पडदा बघितलात?

‘एमएससीआयटीत शिकलेलं सगळं वाया जाईल.’ लिब्रेऑफिसमध्ये बेरजेचं सूत्र तेच आहे, फाइल-फोल्डर तेच आहेत. बटणांच्या जागा बदलतात, चार दिवस चिडचिड होते.

‘नवी सिस्टिम टाकली की जुना कॉम्प्युटर पळायला लागतो.’ जुनी फिरती हार्ड डिस्क तशीच असेल तर फारसा नाही. ती काढून एसएसडी बसवा, मग आहे त्या विंडोजवरही फरक दिसेल.

‘फॉरमॅट मारलं की फक्त सी ड्राइव्ह जातं, डी मधलं राहतं.’ या एका समजुतीपायी लग्नाचे अल्बम गेलेले आहेत. लिनक्स टाकताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की सी, डी, ई सगळं एकाच वेळी जातं आणि सहसा परत येत नाही. दुकानात मशीन देण्याआधी फोटो, कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा वेगळ्या डिस्कवर घ्या, ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा, आणि दुकानात जाताना ती घरीच ठेवा.