बडकीचं लग्न आणि चार लाख पत्रं

घरचे ऐकत नाहीत, माझ्या आवडीच्या मुलाशी लग्न लावून देत नाहीत, तुम्ही त्यांना समजावून सांगा. १९८४-८५ मध्ये अशी गाऱ्हाणी घेऊन देशभरातल्या तरुण मुलामुलींनी पत्रं लिहिली ती चक्क अभिनेते अशोककुमारांना! आत्याला नाही, मामाला नाही, टीव्हीवर दिसणाऱ्या दादामुनींना. 'हम लोग' ही दूरदर्शनवरची मालिका सुरू असताना सुमारे चार लाख पत्रं आली. आजही हा आकडा वाचला की मी थक्क होते.

७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ही आपल्या देशातली पहिली मोठी कौटुंबिक मालिका. ओढगस्तीचं घर. बाप बसेसर राम दारूच्या नादी लागलेला, आई भागवंती निमूट सोसणारी. आजी-आजोबा, नोकरीसाठी वणवण करणारा लल्लू, क्रिकेटवेडा नन्हे आणि तीन मुली. बडकी समाजकार्यात रमलेली, मझलीला सिनेमात जायचंय, छुटकीला डॉक्टर व्हायचंय. म्हणजे एकाच छताखाली हुंड्यापासून करिअरपर्यंतचे सगळे वाद.

हे घर कागदावर उतरवलं मनोहर श्याम जोशींनी, पण त्याचा आराखडा आला मेक्सिकोतून. तिथे मिगेल सबिदो यांनी सत्तरच्या दशकात लोकशिक्षणाच्या मालिकांचं एक तंत्र बसवलं होतं. प्रश्न कुठलाही असो, त्याभोवती तीन तऱ्हेची माणसं उभी करायची. एक चांगल्या वाटेवरचं, एक वाईट वाटेवरचं आणि एक दोन्हींमध्ये हेलकावे खाणारं. प्रेक्षक त्या तिसऱ्यात स्वतःला पाहतो, त्याच्याबरोबर चुकतो, त्याच्याबरोबर सावरतो. आपले वसंत साठे, वर्ध्याचे खासदार आणि तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री, मेक्सिकोला गेले आणि ही कल्पना इकडे आली.

सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरलेला होता की लोक कंटाळले. मग जोशींनी उपदेश आवरता घेतला, माणसांना बोलू दिलं आणि घरोघरी जीव जडला. आजीला कर्करोग होतो, पण प्रेक्षकांचा तिच्यावर इतका लोभ की तिचं मरण लांबवावं लागलं. (ही आजी म्हणजे सुषमा सेठ आणि मझली झालेली दिव्या ही त्यांची खरीखुरी लेक.) बडकीचं लग्न ठरलं तेव्हा तर अभिनंदनाच्या तारा आल्या! पडद्यावरच्या मुलीच्या लग्नाला पोस्टात जाऊन, पैसे मोजून तार करणारी माणसं होती ती.

प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे. अर्धा-पाऊण मिनिट बोलायचे, घडल्या प्रसंगावरून दोन प्रश्न विचारायचे आणि निरोप घेताना 'हम लोग' हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांतून म्हणायचे. मला तर वाटतं, मालिकेची सगळी जादू त्या अर्ध्या मिनिटात होती. तोवर वडीलधारं माणूस म्हणजे निर्णय देणारं. हे पांढऱ्या केसांचे आजोबा मात्र निर्णय तुमच्यावर सोडायचे. एरवी जे बोलायची सोय नव्हती ते तरुण मुलामुलींना या आजोबांना लिहावंसं वाटलं, यात नवल काय?

पण खरी गंमत भागवंतीची. नवऱ्याचं सगळं मुकाट सहन करणारी ही बाई आराखड्यात वाईट वाटेच्या खान्यात होती, बायकांनी असं वागू नये हे दाखवण्यासाठी घडवलेली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी प्रेक्षकांचा कल तपासला, तेव्हा दिसलं की अनेकांना, त्यात बायकाही आल्या, भागवंतीच आदर्श वाटत होती.

या प्रेक्षकांना कळलं नाही, असं म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पटत नाही. तिच्यात त्यांना आपली आई दिसली असणार. सोसणं चूक आहे असं म्हणायचं, तर आईचं उभं आयुष्य चुकलं म्हणावं लागतं, आणि ते म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. बडकीच्या लग्नाला तार करणारं घर आणि भागवंतीला पूजणारं घर वेगळं असेलच असं नाही. मुलीने स्वतःच्या मनाने जोडीदार निवडावा आणि आई मात्र होती तशीच राहावी, या दोन्ही इच्छा एकाच कोचावर शेजारी शेजारी बसून ती मालिका बघत होत्या. मेक्सिकोच्या आराखड्यात या माणसांसाठी चौथा खाना नव्हता.