यंत्रावरील श्वास व औषधाची झोंप

विषारी साप म्हटला कीं आपल्याकडे नागाचेंच नांव निघतें. पण पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्यास मण्यार डसते तें त्याला कळतहि नाहीं. पहाटे पापण्या मिटूं लागतात, जीभ जड होते आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. अशा रोग्यास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणीं नेऊन, श्वासनलिकेंत नळी घालून त्याचा श्वास यंत्रावर चालवितात. नातलग म्हणतात, "निजला आहे." बहुधा तो निजलेला नसतो. मण्यारीचें विष स्नायूंस बांधतें, मनास नाहीं. त्यास ऐकूं येतें, नळी खुपते तेंहि समजतें; सांगतां मात्र येत नाहीं.

शरीर मात्र गप्प बसत नाहीं. मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल हीं द्रव्यें रक्तांत सोडतात. नाडी धांवते, रक्तदाब चढतो, रक्तांतील साखर वाढते. मुलांनो, वाघ पाहून पळणाऱ्यास याचाच आधार. खाटेवर खिळलेल्या रोग्याचें तेंच आठवडाभर चाललें तर स्नायू झिजतात. म्हणून वेदना शमविणारीं व गुंगी आणणारीं औषधें शिरेंतून देतात.

मग रोग्यास गाढच कां निजवूं नये? हा प्रयोग होऊन चुकला आहे. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं यंत्रावर असलेल्या अपघातग्रस्तांना इटोमिडेट नांवाचें गुंगीचें औषध सतत देत. त्यांच्यांत मृत्यूंचें प्रमाण वाढल्याचें लेडिंगॅम व वॉट या डॉक्टरांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें उलगडा झाला, तो असा कीं, तें औषध ग्रंथींत कॉर्टिसॉल तयारच होऊं देत नसे. रोगी शांत दिसत. परमेश्वरानें शरीरांत ठेवलेला पहारेकरीच झोंपविला गेला होता.

इतर औषधांनीं हा दोष येत नाहीं, तरी गुंगी फार झाली तर यंत्र सुटण्यास उशीर लागतो. शिकागोच्या डॉक्टरांनीं २००० सालीं दाखविलें कीं, रोज एकदां गुंगी थांबवून रोग्यास जागें होऊं दिल्यास यंत्र सुमारें अडीच दिवस लवकर सुटतें. आतां आधीं वेदना शमवितात, मग बेताची गुंगी देतात. हांक मारली तर रोग्यानें डोळे उघडावे, इतपतच.

मण्यारीच्या रोग्यास तेंहि जमत नाहीं. परिचारिका बोटानें त्याची पापणी उचलते, तेव्हां त्यास समोरचें दिसतें. आपलें माणूस तेथें असेल तर त्याचें नांव घेऊन बोलावें, वार सांगावा, घरचें वर्तमान सांगावें. हाताचें वा पायाचें एखादें बोट किंचित् हलत असेल तर एकदां हललें म्हणजे होय, दोनदां म्हणजे नाहीं, असें त्याच्याशीं ठरवून घ्यावें. आणि पहिला प्रश्न दुखतें काय, हा विचारावा.