बाँडवर लिहिली म्हणून जमीन नावावर होत नाही

केदारखेड्यात काय नि भोकरदन तालुक्यातल्या दुसऱ्या गावात काय, कायद्याची पहिली शिकवणी पारावर नाहीतर मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाशी होते. तिथला सर्वांत चिवट धडा हा: ‘बाँडवर लिहून घेतलं, नोटरी केली, दोन साक्षीदार घेतले, झाली जमीन आपली.’

नाही झाली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 आणि 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 17 वाचा: शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो. शंभर रुपयांत आज बांधावरचं ढेकूळ तरी मिळतं का? ही नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, नोटरीकडे नव्हे. सही करणारा माणूस तोच आहे ना, एवढं नोटरी पाहतो. जमीन कुणाची, तिच्यावर सोसायटीचा बोजा आहे का, हे पाहणं त्याचं काम नाही. ऑक्टोबर 2024 पासून बऱ्याच दस्तांना शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो. त्यानं कागद महागला, पक्का झाला नाही.

‘पण पैसे मोजलेत!’ मोजलेत, म्हणून फार तर खरेदीखत करून मिळावं असा दावा लावता येईल, तोही साधारण तीन वर्षांच्या मुदतीत. तोवर मालक जुनाच. मुखत्यारपत्राच्या आडून केलेल्या विक्रीनंही मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बजावलं. तुकडेबंदीमुळे गुंठा-दोन गुंठे शेतजमिनीची नोंदणी अडते म्हणून लोक बाँडकडे वळतात, हे खरं. पण कायद्यानं अडवलेला व्यवहार शिक्का मारून सुटत नाही. ‘सगळेच करतात हो’ म्हणणारा तर साक्षीलाही येत नाही.

असेच बाकीचे चुकीचे धडे थोडक्यात.

सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी. ती महसुली नोंद आहे. उलट पुरावा येईपर्यंतच ती बरोबर धरतात.

लेकीचं लग्न झालं, हिस्सा संपला. हिंदू वारसा कायदा 2005 मध्येच बदलला. वडील तेव्हा हयात नसले तरी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं.

पोलिसांनी ‘आमची हद्द नाही’ म्हटलं की परत फिरायचं. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते.

गरिबाला वकील परवडत नाही. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. इतर गरजूंना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन 15100. पैसे मोजण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर सल्ला मिळतो तो दाव्याचाच.