पांढरी वाइन, समुद्राची हवा आणि गगनबावड्याचा पाऊस

गगनबावडा सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. हवा थंड, घाट उतरला की कोकण, पुढे समुद्र. उत्तम पांढरी वाइन समुद्रकाठच्या गार प्रदेशात होते असे ऐकल्यावर, येथेही तशी द्राक्षे का लावू नयेत, असा प्रश्न होतकरू शेतकऱ्यास पडणे स्वाभाविक आहे. ग्रामसेवकांना त्याचे उत्तर देता आले पाहिजे. कारण मांडव, रोपे व औषधे यांचा खर्च फळ हाती येण्यापूर्वीच करावा लागतो.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे चिरडून रस सालींपासून लगेच वेगळा करतात व कमी उष्णतामानात आंबवतात. तिची तरतरी रसातील आम्लावर अवलंबून असते. फळ पिकताना रात्री उष्ण असतील तर आम्ल झपाट्याने घटते व वाइन मिळमिळीत होते. गारव्याने ते टिकते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील मार्गारेट रिव्हर या समुद्रकाठच्या भागात सेमिलॉन व सोव्हिन्याँ ब्लाँ या दोन जातींच्या मिश्रणाची वाइन प्रसिद्ध आहे. पहिलीने भरीवपणा येतो, दुसरीने सुगंध व आंबटपणा. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञाने 1965-66 मध्ये त्या प्रदेशाचे हवामान व जमीन द्राक्षवेलीच्या दृष्टीने तपासली आणि त्यानंतर, 1967 पासून, तेथे व्यापारी मळे उभे राहिले. तेथे बहुतेक पाऊस हिवाळ्यात, वेल विश्रांती घेत असताना पडतो. फळ कोरड्या उन्हाळ्यात पिकते.

गगनबावड्यात स्थिती निराळी आहे. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. येथे तो 5000 मिलिमीटरच्या घरात जातो. आपल्याकडे वेल पावसाळ्यात झोपलेला नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील घडांची घडण याच सुमारास होते व तिला ऊन लागते. अखंड ढगाळ हवेत घड कमी धरतात, ओल्या पानांवर केवडा व करपा पसरतो, आणि साचलेल्या पाण्याने मुळे गुदमरतात.

नाशिकला समुद्र जवळ नाही, तरीही तेथे सोव्हिन्याँ ब्लाँ व शेनिन ब्लाँ यांची पांढरी वाइन होते. ऑक्टोबरात फळ छाटणी केल्यावर फळ साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तयार होते. तेव्हा आकाश निरभ्र असते व रात्रीचा गारवा आम्ल राखतो. म्हणजेच समुद्रापेक्षा पावसाची वेळ अधिक महत्त्वाची होय.

तेव्हा गगनबावड्यातील शेतकरी बंधूंनी द्राक्षमळ्यात भांडवल गुंतवू नये. डोंगरउतारावरील करवंद व जांभूळ ही फळे मोठ्या पावसापूर्वी हाती येतात. त्यांपासून सरबत, लोणचे, रस करता येतो. जांभळाची वाइनही होते. परंतु 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून ती करणे वा विकणे गुन्हा आहे. द्राक्षाविषयी शंका असल्यास पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. आधी पाऊस मोजावा, मग पीक निवडावे.