आपली वेबसाइट, लेखांक ७ : गर्दी झाली की साइट का बसते?

लहान साइटवर रोज दोन-तीनशे वाचक येतात आणि तेवढ्यावर ती वर्षभर सुरळीत चालते. मग एका संध्याकाळी एखाद्या मोठ्या फेसबुक पेजवर तुमच्या लेखाची लिंक पडते आणि तासाभरात दहा हजार माणसं येतात. ज्यासाठी इतके दिवस लिहिलं ती हीच वेळ. नेमकी तेव्हाच पांढऱ्या पानावर 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' एवढी एकच ओळ उमटते. पहिल्यांदा आलेला माणूस ती पाहून मागे फिरतो, आणि असा गेलेला वाचक सहसा परत येत नाही. अशा वेळी महागडा प्लॅन घ्या, असा सल्ला लगेच मिळतो. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे.

ही अडचण जुनीच आहे. रॉब माल्डा याने १९९७ साली अमेरिकेत सुरू केलेल्या 'स्लॅशडॉट' या साइटवर ज्या लहान साइटची लिंक लागे, ती बघता बघता बंद पडे. त्याला 'स्लॅशडॉट इफेक्ट' असं नावच पडलं. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी हाच अनुभव येतो. पण ती गर्दी तारीख-वेळ ठरवून येते, म्हणून मंडळाला निकाल अनेक साइटवर आणि डिजिलॉकरवर विभागून देता येतो. आपल्याला आगाऊ कोणी कळवत नाही.

साइट बसते कशी, ते हिशेबानेच पाहू. समजा, एक कोअर आणि २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर आहे, त्यावर वर्डप्रेस आहे. पान मागितलं की दर वेळी पीएचपी चालतं, डेटाबेसला वीस-तीस प्रश्न विचारले जातात आणि पान नव्याने जुळवलं जातं. यात प्रोसेसरचा अर्धा सेकंद जातो असं धरू. म्हणजे सेकंदाला दोन पानं. तासाला दहा हजार वाचक म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन. फरक फक्त पाऊण पानाचा, पण तो दर सेकंदाला साठत जातो आणि दहा मिनिटांत साडेचारशेहून जास्त लोक रांगेत अडकतात. पान उघडत नाही म्हटल्यावर माणूस रिफ्रेश दाबतो आणि रांग आणखी वाढते.

इथे घाबरून पीएचपीच्या वर्करची, म्हणजे एकाच वेळी पानं बनवणाऱ्या प्रोसेसची, मर्यादा वाढवली जाते. प्रत्येक वर्कर ६० एमबी खातो, असे ५० झाले तर ३ जीबी लागणार, आणि आपल्याकडे आहे २ जीबी. रॅम संपली की लिनक्स जास्त मेमरी खाणारा प्रोसेस शोधून मारून टाकतो. अशा सर्व्हरवर तो बहुतेक वेळा मायएसक्यूएल असतो, म्हणजे खुद्द डेटाबेसच. वरची ती ओळ अनेकदा इथूनच येते. त्यामुळे मर्यादा कमीच ठेवावी. चार वाचक थांबले तरी चालेल, डेटाबेस जिवंत राहिला पाहिजे.

खरा उपाय असा, की एकदा तयार झालेलं पान जपून ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच द्यायचं. हेच कॅशिंग. लेख दहा हजार जणांसाठी सारखाच असतो, मग तो दहा हजार वेळा शिजवायचा कशाला? इगोर सिसोयेव यांचा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ मध्ये लोकांसमोर आला तो एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळण्यासाठी. तयार पान असेल तर तोच लहान सर्व्हर सेकंदाला शेकडो पानं सहज देतो. यासाठी वर्डप्रेसचं कॅशचं प्लगइनही पुरतं.

प्लगइन लावूनही साइट बसते तेव्हा मी आधी लॉग उघडायला सांगतो. फेसबुकवरून आलेल्या लिंकच्या शेवटी 'एफबीसीएलआयडी' नावाची एक लांबलचक शेपटी असते आणि ती दर क्लिकला वेगळी असते. कॅश जर पूर्ण पत्ता ताडून पाहत असेल तर तिच्या लेखी प्रत्येक वाचक नवंच पान मागतो आहे. म्हणजे गर्दी फेसबुकवरून येते आणि त्याच गर्दीला कॅशचा काडीचा उपयोग होत नाही. ही शेपटी दुर्लक्षित करण्याची सोय बहुतेक प्लगइनमध्ये असते, ती चालू आहे ना, हे आजच पाहून घ्या.

दुसरी खोट म्हणजे मुदत. कॅशची मुदत भर गर्दीत संपली तर त्या क्षणी आलेले सगळे मिळून पान नव्याने बनवायला लावतात. एकानेच नवं पान बनवावं, तोवर बाकीच्यांना जुनं द्यावं, अशी सेटिंग एनजिनएक्समध्ये आहे.

यानंतर प्रश्न येतो काय सोडायचं याचा. ११ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यांच्या दिवशी, सीएनएनच्या साइटवर इतके लोक आले, की त्यांनी मुखपृष्ठावरची बहुतेक चित्रं आणि सजावट काढून टाकली. गूगलने तर बातम्यांसाठी टीव्ही-रेडिओ लावा, असं पहिल्या पानावर लिहिलं. सीएनएनसारख्यांना हे करावं लागलं, तर आपल्याला संकोच कसला? साइटवरचा शोध, 'किती जणांनी वाचलं' दाखवणारा काउंटर (हा दर वाचकामागे डेटाबेसमध्ये लिहितो) आणि संबंधित लेखांची यादी हे सगळं तात्पुरतं बंद करता येतं. फोनमधून थेट चढवलेला ४ एमबीचा फोटो दहा हजार जणांनी उघडला तर ४० जीबी डेटा जातो, तो आधीच लहान करून ठेवावा.

एवढं करूनही सर्व्हर अपुरा पडला तर साध्या एचटीएमएलचं एक पान तयार असू द्या: 'गर्दी आहे, दहा मिनिटांनी या', आणि खाली लेखाचा सारांश. ते ५०३ या कोडसह द्यावं, म्हणजे अडचण तात्पुरती आहे हे गूगललाही कळतं. तयारी तपासायला अपाचेसोबत येणारं 'एबी' हे साधन पुरतं. होस्टिंगवाल्यांना आधी विचारून, रात्री उशिरा, आपल्याच साइटवर वीस जोडण्यांपासून सुरुवात करा आणि एका पानाला लागणारा वेळ कुठे वाढू लागतो ते टिपून ठेवा.

पुढच्या लेखांकात सीडीएन पाहू.