आदिलाबादचा ज्वर आणि परिषदेचे मौन

सेतुमाधवराव पगडी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शिवकालाचे आणि मोगल दफ्तरांचे साक्षेपी अभ्यासक उभे राहतात. परंतु हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादच्या अरण्यातील गोंडांमध्ये वावरलेले, त्यांची भाषा आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिणारे आणि जमिनीच्या पट्ट्यांचे किचकट काम निष्ठेने पाहणारे पगडी फार थोड्यांच्या परिचयाचे आहेत. या दुसऱ्या पगडींचा माग काढण्याचा छंद मला पुष्कळ वर्षांपासून आहे, आणि या छंदानेच मला शेवटी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील चौथ्या परिच्छेदापाशी आणून सोडले. हा परिच्छेद जनजाती सल्लागार परिषदेविषयीचा आहे. आदिलाबादच्या आदिवासींच्या आरोग्याचा प्रश्न आज जेथे अडला आहे, त्या जागेकडे जाणारी वाट याच परिच्छेदातून निघते, असे माझे मत झाले आहे.

पूर्वपीठिका सर्वांना ठाऊक आहे. बारा गावांच्या जमिनीसाठी उभा राहिलेला कोमराम भीम 1940 साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. गाऱ्हाणे ऐकणारे कोणी वेळेवर भेटले नाही म्हणून रक्त सांडले, ही गोष्ट पुढे सरकारलाही उमगली. युद्धकाळात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरल्यामुळे निजामाच्या राज्याच्या सीमेत राहणे भाग पडलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे या प्रदेशाच्या पाहणीचे काम आले, आणि बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले विल्फ्रिड ग्रिगसन हे संस्थानात महसूल व पोलीस खात्याचे सदस्य असल्याने त्या पाहणीला वजन प्राप्त झाले. हायमेनडॉर्फ पुढे निजाम सरकारचे आदिवासी व मागास वर्गांविषयीचे सल्लागार झाले. मारलवाई येथे 1943 साली त्यांनी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले आणि गोंडी पुस्तकांना देवनागरी लिपी दिली. त्यांनी व त्यांच्या पत्नीने ज्या गावाला आपले मानले त्याच मारलवाईत दोघांच्या समाध्या आहेत.

या काळातील ज्या एका गोष्टीचा मला विशेष मोह पडतो, ती केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेतील दरबार होय. पौष अमावास्येला मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी वाहून आणून नागोबाची महापूजा करतात, आणि जंगलातून, डोंगरातून सारा गोंड समाज तेथे लोटतो. जोडेघाटच्या रक्तपातानंतर, 1942 च्या सुमारास, हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने या जत्रेत सरकारी अंमलदारांनी येऊन बसावे आणि पाटलांनी, प्रजेने आपापली गाऱ्हाणी समक्ष मांडावी, अशी प्रथा पडली. ती आजही चालू आहे. जिल्हाधिकारी आणि उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे प्रकल्प अधिकारी तेथे बसतात आणि लोक बोलतात. काय बोलावे हे या दरबारात बोलणाराच ठरवतो, आणि याच गुणामुळे तो राज्यकारभाराच्या इतिहासात मोलाचा ठरतो.

पगडींचे काम याच वातावरणातले. फाइलीवर शेरा मारण्याआधी माणसाशी त्याच्या भाषेत बोलले पाहिजे, हा त्यांचा नेम होता, आणि सल्ला देणाऱ्याच्या अंगी जे ज्ञान असावे लागते ते अशा बोलण्यातूनच येते. 1356 फसलीचा हैदराबाद आदिवासी क्षेत्र विनियम याच वर्षांत सिद्ध झाला. हे सारे हैदराबादेत चालले असता दिल्लीत संविधान सभेमध्ये ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने प्रांतोप्रांती आदिवासींच्या सल्लागार परिषदा असाव्या, अशी शिफारस 1947 साली केली होती. आदिलाबादचा अनुभव आणि दिल्लीचा मसुदा यांची गाठ मात्र पडली नाही, कारण संस्थान तेव्हा त्या चर्चेच्या बाहेर होते.

फेब्रुवारी 1948 च्या मसुद्यात परिषदेला व्यापक अधिकार होता: क्षेत्राच्या कारभाराविषयी आणि जमातींच्या कल्याणाविषयी तिने सर्वसाधारण सल्ला द्यावा, आणि एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रास लागू न करण्याचा निर्णय राज्यपालाने परिषदेच्या सल्ल्यानुसार घ्यावा. 5 सप्टेंबर 1949 रोजी डॉ. आंबेडकरांनी पाचव्या अनुसूचीचा नवा पाठ सभेपुढे मांडला तेव्हा हे चित्र पालटले. कायदा रोखण्याच्या परिच्छेदातून परिषद गळाली, आणि तिच्या कर्तव्याला एक मर्यादा पडली: कल्याण व उन्नतीच्या ज्या बाबी राज्यपाल तिच्याकडे निर्दिष्ट करतील, त्यांवरच तिने सल्ला द्यावा. जयपालसिंग मुंडा, ज्यांना आपण 1928 च्या ऑलिंपिकमधील विजयी हॉकी संघाचे कर्णधार म्हणून अधिक ओळखतो, यांनी या फेरफाराला उघड विरोध केला. मूळ मसुद्यात परिषदेकडे असलेला पुढाकार तिच्याकडून काढून राज्यप्रमुखाच्या हाती दिला गेला आहे आणि त्यामुळे परिषद निर्बल झाली आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. सभेने त्यांचे म्हणणे ऐकले, पण मानले नाही. 26 जानेवारी 1950 नंतर हैदराबादचे राजप्रमुख स्वतः निजामच झाले, आणि जोडेघाटवाल्यांच्या वंशजांविषयी कोणता प्रश्न परिषदेला विचारावा हे ठरवण्याचा घटनात्मक अधिकार त्यांच्या नावे लिहिला गेला. जयपालसिंगांची भीती किती सार्थ होती हे दाखवायला याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

आता आरोग्याकडे येऊ. पावसाळ्यात ओढे फुगले की उटनूर परिसरातील वाड्या रस्त्यांपासून तुटतात, पिण्याचे पाणी दूषित होते, हिवताप आणि अतिसार यांचे दिवस येतात. हे दुःख एकट्या आदिलाबादचे नाही. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 2018 च्या अहवालात नोंदवले की देशाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे 8 टक्के असता हिवतापाच्या रुग्णांपैकी 30 टक्के आणि त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे आदिवासींत घडतात. कुपोषण, सिकलसेल, बालमृत्यू, व्यसने, आश्रमशाळांतील मुलांचे आरोग्य, सर्पदंश असे दहा प्रश्न समितीने निवडले, आणि या कामासाठी राष्ट्रीय आदिवासी आरोग्य परिषदेची शिफारस केली. शिफारस योग्यच आहे. परंतु घटनेने जी परिषद आधीच निर्माण करून ठेवली आहे तिचेच तोंड बंद असताना नवी परिषद काढून काय साधेल, हा प्रश्न प्रत्येक राज्याने स्वतःला विचारला पाहिजे. ताप श्रावणात येतो. प्रश्न निर्दिष्ट करण्याचा कागद त्याच्या आधी निघेल याची हमी कोणताही नियम देत नाही.

परिषदेची रचनाही पाहावी. सदस्य जास्तीत जास्त 20, त्यांपैकी शक्यतो तीन-चतुर्थांश हे विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी. तेलंगणात 119 पैकी 12 जागा जमातींसाठी राखीव आहेत, आणि बोथ, आसिफाबाद व खानापूर या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील तीन. परिषद 20 सदस्यांची धरली तर 15 जागा आमदारांच्या. राखीव जागांवरचे 12 आमदार आले की 3 उरतात, आणि त्या जमातींतील इतर व्यक्तींनी भराव्या असे घटनाच सांगते. शिवाय बाकीच्या 5 आहेतच. म्हणजे आठ जागा अशा आहेत की जेथे कोलाम वा थोटी यांसारख्या, मतांच्या हिशेबात अल्पसंख्य असलेल्या जमातीची बाई, वाडीवरची आशा कार्यकर्ती, गावपाटील बसू शकतात. या जागा पक्षीय मर्जीने भरणे म्हणजे घटनेच्या औदार्याचा अपव्यय होय.

सुधारणेसाठी घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही, हे माझ्या शोधाचे सर्वांत आशादायक फलित आहे. सदस्यांची संख्या, नेमणुकीची रीत, अध्यक्षाची निवड आणि बैठकींचे संचालन यांचे नियम करण्याचा अधिकार त्याच चौथ्या परिच्छेदाने राज्यपालांना दिला आहे. तेव्हा त्यांनी एक स्थायी हुकूम काढावा: अनुसूचित क्षेत्रातील आरोग्याची प्रत्येक बाब परिषदेकडे कायमची निर्दिष्ट समजावी. एका हुकुमाने जयपालसिंगांनी मागितलेल्या पुढाकाराचा मोठा भाग परत येईल. दुसरे, वर्षातील एक बैठक मृग नक्षत्रापूर्वी उटनूरला घ्यावी आणि नागोबा दरबारातील आरोग्यविषयक अर्ज तिच्यापुढे नोंदवहीसह ठेवावेत. तिसरे, बैठकीत गोंडी व कोलामी बोलणाऱ्यास दुभाषा मिळावा. चौथे, सल्ला अमान्य करणाऱ्या खात्याने ठराविक मुदतीत लेखी कारण द्यावे. अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराविषयी राज्यपाल राष्ट्रपतींना जो वार्षिक अहवाल पाठवतात, त्यात सल्ला आणि उत्तर दोन्ही शब्दशः यावीत.

मराठी वाचकाला यात परकेपणा वाटू नये. किनवट आणि राजुरा 1956 पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि आजही पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकाच कुळाचे गोंड व कोलाम नांदतात. महाराष्ट्रातही अनुसूचित क्षेत्रे आहेत, अशीच परिषद आहे, आणि तिच्या कर्तव्याला तीच मर्यादा आहे. स्थायी हुकूम हैदराबादेत निघाला तर मुंबईला त्याचे अनुकरण करावेसे वाटेल, आणि मुंबईत आधी निघाला तर आदिलाबादच्या लोकप्रतिनिधींच्या हाती तो एक दाखला म्हणून येईल. पहिले पाऊल कोणी टाकावे याची चर्चा करण्यापेक्षा, येत्या पावसाळ्याआधी ते टाकले जावे, एवढाच आग्रह दोन्ही राज्यांच्या नागरिकांनी धरावा.